अनुक्रमांक चारशे सतरा

“अहो, ही पारूबाई कोण?” सुलेखानं न्हाणीघरातून आवाज दिला. काल दिवसभर घातलेला माझा शर्ट तिच्या हातात होता. बादलीत टाकायच्या आधी खिसे चाचपायची तिची सवय. “या वयात बायकांच्या चिठ्ठ्या खिशात घेऊन फिरताय का?” ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी कप खाली ठेवला. तिनं ओल्या हातानंच ती चिठ्ठी टीपॉयवर आणून ठेवली आणि पुन्हा आत गेली. मतदार चिठ्ठी. पारूबाई कचरू खरात. स्त्री. वय साठ. अनुक्रमांक चारशे सतरा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की ही चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालणार नाही. एका कोपऱ्याला हळदीचा डाग लागलेला. चिठ्ठी खिशात चुकून राहिली असं म्हणता आलं असतं, सुलेखाला मी तेच म्हणालोही. पण काल संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर मी खिशावर हात ठेवला होता, कागद बोटांना लागला होता, आणि तरी मी ‘नाही’ म्हणालो होतो. हे कुणाला सांगणार? इलेक्शन ड्यूटी केली म्हणून आज सुट्टी होती. सुट्टी नसती तर बरं झालं असतं, निदान नववीच्या पोरांवर ओरडता तरी आलं असतं.

मी गणिताचा मास्तर. सव्वीस वर्षं झाली. नियम मला आवडतात, आणि आवडतात हे मी चारचौघांत सांगतोही. ओळखपत्राशिवाय मत नको, ही माझी स्टाफरूममधली ठरलेली टकळी. एक जोशात आलेला नवा सर एकदा म्हणाला, “सर, गरिबाकडं कागद कुठं टिकतात? घर गळतं, उंदीर खातो, पोरगं हरवतं. म्हणून काय त्याचं मत बुडवायचं?” मी त्याला झाडलाच. म्हणलं, बाबा रे, तू बघितलं नाहीस ते दिवस. एकाच्या नावावर दुसरा जाऊन शिक्का मारून यायचा. कार्ड आलं तेव्हा कुठं माणसाचं मत माणसाला मिळायला लागलं. त्यानं विचारलं, “तुम्ही बघितलंय का सर?” मी म्हणालो, बघितलंय तर. आणि तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती तरी मी खडू घेऊन वर्गात निघून गेलो. आपण ज्या घरात चोरी केली त्या घराला कुलूप पाहिजे असं चोरानंच ओरडून सांगावं, तसं ते माझं होतं. पण आपलं आपल्याला कधी ऐकू येतं?

ड्यूटीचा कागद आला तेव्हा केंद्राचं नाव मी दोनदा वाचलं होतं. हर्सूल. आमच्या जुन्या गावातली शाळा, मी चौथीपर्यंत जिथं पाट्या पुसल्या ती. जिथं राहतो किंवा नोकरी करतो तिथं ड्यूटी देत नाहीत, पण मी आता राहतो गारखेड्यात, शाळा माझी सिडकोत. अठराव्या वर्षापर्यंत तिथं वाढलो, ते विचारायला त्या फॉर्मात रकानाच नव्हता. नव्हता म्हणून मी सांगितलं नाही. नियमात बसत होतं. मला क्रमांक एकचं काम मिळालं. यादी समोर घेऊन बसायचं, चिठ्ठी घ्यायची, कार्ड बघायचं, मग अनुक्रमांक आणि नाव खणखणीत आवाजात वाचायचं, म्हणजे भिंतीला टेकून बसलेले पक्षांचे पोलिंग एजंट आपापल्या यादीत खूण करतात आणि माणूस पुढं शाईच्या टेबलाकडं सरकतो. सकाळी सातपासून मी यंत्रासारखा चाललो होतो. केंद्राध्यक्ष तनुजा मॅडम, पाटबंधारे खात्यातल्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्या एकदा म्हणाल्यासुद्धा, “सर, तुमचा आवाज मस्त आहे हो, पार गेटपर्यंत जातो.” मला बरं वाटलं. तीन तास सगळे अनोळखीच चेहरे आले, आणि मला वाटायला लागलं, चला, इतक्या वर्षांत गाव बदललं, सुटलो.

दहा-सव्वादहाला एक चिठ्ठी समोर आली आणि नादात मी कार्ड बघायच्या आधीच वाचून टाकलं, “चारशे सतरा. पारूबाई कचरू…” तिथं जीभ अडली. नुसतं कचरू हे नाव, पुढं ‘दादा’ न लावता, मी मोठ्यानं आयुष्यात दुसऱ्यांदा उच्चारत होतो. पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा ते माझं नाव म्हणून सांगितलं होतं. मी मान वर केली नाही. यादीतला फोटो बघितला, टपालाच्या तिकिटाएवढा, काळपट. मग लुगड्याचा काठ दिसला, हातातली वायरची पिशवी, चुन्यानं आणि सिमेंटनं खाल्लेली बोटं. साठीची बाई, पंच्याहत्तरची दिसत होती. आणि मी म्हणालो, “आजी, ओळखपत्र.”

“आजी?” ती वाकून माझ्याकडं बघायला लागली. मग एकदम हसली, समोरचे दात गेलेले. “आगं बाई! आरं, सुद्या ना तू? मी तुजी आजी कवापासून झाले रं? वहिनी म्हणायचास की!”

खोलीत सगळे हसले. शाई लावणारी मुलगी, दोन्ही एजंट, रांगेतल्या दोन बायका. चांगलं हसू होतं ते, त्यात कुणाचं काही वाकडं नव्हतं. तिनं पिशवीत हात घातला, चाचपलं, रुमालाची गाठ सोडली, पुन्हा चाचपलं, आणि तिचा चेहरा उतरला. पाचोडला लेकीकडं होती म्हणे महिनाभर. मतदानासाठी म्हणून पहाटेच्या गाडीनं आली. चिठ्ठी सुनेनं इथं जपून ठेवलेली, कार्ड मात्र तिकडंच राहिलं लेकीच्या ट्रंकेत. आधार? ते पण त्यातच. पासबुक? त्यातच. “पर तू हायस की,” ती म्हणाली. “तू वळखतो मला. सांग ना ह्यांना.” तेव्हा एक एजंट, तरणाबांड, गळ्यात चष्मा अडकवलेला, नुसतं म्हणाला, “काय सर, घरच्याच दिसतात तुमच्या? ओळखीवर सोडायला लागलात व्हय?” तो चेष्टेनंच म्हणाला असेल. दुसऱ्यानं पेन खाली ठेवलं. तनुजा मॅडमनी मान वर केली, “सर, ओळखता का तुम्ही यांना?”

आता यात अवघड काय होतं? हो मॅडम, ओळखतो, पण कार्ड नाही, त्यामुळं मत देता येणार नाही. वहिनी, जा, कार्ड घेऊन या, मी इथंच आहे. एवढं बोललो असतो तर नियमाचा केसही वाकडा झाला नसता. पण ओळखतो म्हणालो असतो तर कसं ओळखता, हे आलं असतं. मग हर्सूल आलं असतं, मग आमची गल्ली, मग ते साल. माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात धडाधड उतरलं आणि मी यादीकडं बघत म्हणालो, “नाही मॅडम. मी नाही ओळखत. आजी, तुमची काहीतरी गल्लत होतेय. पुढचा नंबर या.” ती हलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग मागची बाई पुढं सरकली तशी बाजूला झाली. चिठ्ठी माझ्या टेबलावरच राहिली. पंख्यानं ती उडायला लागली म्हणून मी खिशात घातली. तेवढ्यापुरतीच घातली होती, खरंच.

त्या सालाचं आता सांगतो. एक्क्याण्णव. मी सतरा वर्षांचा, मिसरूड नुकतंच फुटलेलं. आई तीन महिने घाटी दवाखान्यात खाटेवर होती आणि आमच्या घरात चुलीला पोतेरं लागत नव्हतं. आमच्या मागच्या बाजूला कचरू खरात राहायचा. गवंडी. सगळे त्याला कचरूदादा म्हणायचे. पारूवहिनी त्याच्याच हाताखाली माल कालवायची, विटा वाहायची, आणि संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवायची. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की भिंतीपलीकडून हाक यायची, “सुद्या, आलास का रं?” त्यांच्या घरी मी जेवलेलं वडलांना आवडायचं नाही. शेतीवाडीवाल्या घरातला पोरगा खरातांच्या चुलीपाशी बसतो, म्हणून भावकीत कुजबुज. पण वडलांना भाकरी थापता येत नव्हती, तेव्हा त्यांचा बाणा संध्याकाळी सातनंतर गप्प बसायचा. तीन महिने मी तिच्या हातचं खाल्लं. कचरूदादाच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली खुंटीला एक पांढरा शर्ट टांगलेला. तो शर्ट दोनदाच अंगावर चढायचा, चौदा एप्रिलला आणि मतदानाच्या दिवशी. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “येड्या, त्या दिवशी मी आन् कलेक्टर सारखाच असतो. मग कपडे नगं का बरे?”

आणि त्याचंच मत मी खाल्लं. गल्लीतला राजेंद्र नावाचा एक कार्यकर्ता होता, राजदूत मोटरसायकल होती त्याच्याकडं. दुपारी त्यानं मला गाठलं. म्हणाला, कचरू वैजापूरला मार्केट यार्डाच्या कामावर गेलाय, तो काय आज येत नाही, मत फुकट जाणार. तू जा. नाव सांग कचरू, बापाचं नाव सांडू, आडनाव खरात. संध्याकाळी गाडीवर वेरूळपर्यंत चक्कर मारू. गाडी मी चालवायची. एवढ्यावर! माझ्या लेकीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही, एका मोटरसायकलच्या चकरेवर. वर्गखोलीतल्या टेबलामागच्या माणसानं नाव विचारलं. मी म्हणालो, कचरू सांडू खरात. यादीत वय एकोणतीस. त्यानं माझ्याकडं बघितलं, भिंतीशी बसलेल्यांकडं बघितलं, ते सगळे एकाच चहाच्या किटलीतले, कुणी बोललं नाही. ओळखीचा कागद मागायचा तेव्हा नियमच नव्हता. माझ्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. चार वाजता कचरूदादा आला. कांद्याच्या ट्रकवर बसून आला होता वैजापूरहून, रोज बुडवून. घरी जाऊन आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि रांगेला लागला. मी समोरच्या टपरीपाशी उभा होतो, डावा हात खिशात. आतून त्याचा आवाज आला. “झालं म्हंजी? कसं काय झालं? म्या तर आता आलोय. मग मी कोण हाय?” पोलिसानं दंडाला धरून हळूच बाहेर आणलं. तो पायरीवर उभा राहिला, शर्टाची बटणं नीट लावलेली, आणि घरी कसं जायचं ते विसरल्यासारखा बघत राहिला.

त्या संध्याकाळीही मी जेवायला गेलो. नाही गेलो तर संशय येईल, हे माझं गणित. डावा हात मांडीखाली दाबून जेवलो. वेरूळला राजेंद्रनं नेलं नाहीच, पेट्रोल संपलं म्हणाला. नंतर आई घरी आली, पुढं मी कॉलेजला, मग बी.एड.ला गेलो, आमचं घर विकलं. कचरूदादा सहा वर्षांपूर्वी गेला असं कुणाकडून तरी कळलं, तेव्हा माझी बोर्डाची पेपरतपासणी चालू होती. नसती तरी मी गेलो नसतो.

काल सहा वाजता गेट बंद झालं. रांगेत उभे होते त्यांना मॅडमनी शेवटापासून क्रमांकाचे कागद वाटले, म्हणजे मागून कुणी घुसायला नको. तेवढ्यात हवालदार आत आला. म्हणाला, “मॅडम, गेटवर एक म्हातारी आलीय, लई धापा टाकतीय. म्हणती पाचोडला जाऊन कार्ड आणलं, गाडी अडूळला पंक्चर झाली. म्हणती मी सकाळीच येऊन गेले, माझी चिठ्ठी आत सायबापाशी हाय, म्हंजी माझा नंबर लागलेला हाय.” मॅडम थकल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “सर, सकाळची एखादी चिठ्ठी राहिलीय का तुमच्याकडं?” माझा हात आपोआप खिशावर गेला. आहे म्हणालो असतो तर मॅडमनी तिला आत घेतलं असतं का? नसतंच घेतलं बहुतेक. सहा म्हणजे सहा. पण त्यांनी तिला बोलावून दोन शब्द तरी सांगितले असते, आणि ती त्या टेबलापाशी आली असती, माझ्या टेबलापाशी, हातात कार्ड घेऊन. मी म्हणालो, “नाही मॅडम. सातशे माणसं झाली, कुणाकुणाचं लक्षात ठेवणार?” हवालदार गेला. गेटवर कुणाचा आरडाओरडा ऐकू आला नाही.

सुलेखाला बँकेत काम आहे म्हणून सांगितलं आणि स्कूटर काढली. टीव्ही सेंटर ओलांडून हर्सूलकडं वळलो तोवर तीनदा वाटलं, परत फिरावं. चिठ्ठी कुरियरनं पाठवावी असंही वाटलं, म्हणजे बघा डोकं कुठवर चालतं माणसाचं! घर सापडायला वेळ लागला नाही. मागची भिंत तीच, पुढं दोन खोल्या चढवलेल्या, कडा अशा सरळ की कचरूदादाचा ओळंबा ओळखू यावा. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. शेजारी वायरची पिशवी भरून तयार. माझ्याकडं बघून तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. उठली नाही.

“चिठ्ठी राहिली होती तुमची,” मी म्हणालो.

“व्हय? बरं झालं.” तिनं चिठ्ठी घेतली, उलटीसुलटी बघितली. “बस.”

मी बसलो. मग भडाभडा बोललो. म्हणलं, वहिनी, मी ओळखलं होतं तुम्हाला. नाव वाचलं तेव्हाच ओळखलं. संध्याकाळी चिठ्ठी माझ्या खिशातच होती. मी घाबरलो. मला माफ करा. पन्नाशी उलटलेला माणूस मी, आवाज फुटल्या पोरासारखा चिरकला.

ती मेथीचं एक एक पान खुडत ऐकत होती. “कार्ड मागितलंस त्याचा मला राग नाय,” ती म्हणाली. “मागायलाच पायजे. त्या साली कुणी मागितलं आसतं तर ह्यांचं मत गेलं नसतं. म्हणून तर मी पाचोडला पळाले. म्हणलं सुद्यानं नियमानं सांगितलं, चूक आपली हाय. गाडीत बसून म्या पोरीच्या घरी जाईस्तवर तुझी बाजू घेत होते मनात. पर कार्ड नाय म्हणणं येगळं, आन् माणूस वळखत नाय म्हणणं येगळं. ते का म्हणलास?”

मला उत्तर होतं आणि ते सांगायलाच मी आलो होतो. “वहिनी, एक सांगायचंय. एक्क्याण्णव सालचं. कचरूदादाचं ते मत…”

“सांगू नगंस,” ती म्हणाली.

“नाही, मला सांगू द्या.”

“आरं, एका हातानं कोण हात धुतं?” तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. “त्या रातीला जेवायच्या आधी तांब्यानं तुझ्या हातावर पाणी म्या ओतलं. तू एकच हात फुडं केला. दुसरा पाठीमागं. ह्यांनी बघितलं, म्या बघितलं. म्या तोंड उघडलं तर ह्यांनी मला डोळ्यानं दाबलं. तू गेल्यावर म्हणले, आई दवाखान्यात हाय त्याची, जेवू दे पोराला. सांगंल सोता होऊन. लई वाट बघितली रं त्यांनी. तू मास्तर झाल्याचं कळलं तवा म्हणले, आता येतो बघ पेढे घेऊन, तवा सांगंल. मग पडून होते दोन म्हयने, तवा बी एकदा म्हणले.” तिनं मेथीच्या काड्या गोळा केल्या. “ज्याला सांगायचं तो गेला. माझ्यापाशी सांगून काय करतो?”

माझा डावा हात पुन्हा मांडीखाली गेला होता, तो काढून मी वर घेतला. तिच्या बोटांकडं बघवत नव्हतं. तिची ती खाल्लेली बोटं हिरवी झाली होती मेथीनं, शाई कुठंच नव्हती. चहा हवा का म्हणून तिनं विचारलं नाही, आणि मला भूक लागल्यासारखं वाटत होतं, खरंच सांगतो, लहानपणची भूक. तिनं चिठ्ठीची घडी केली, पिशवीतली कार्डाची प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात ती नीट सरकवली. मी उठलो. चपला घालताना समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. “पारूबाई, कोण आलंय वं? पाव्हणे का?”

पारूवहिनीनं माझ्याकडं बघितलं. मग जुडी पुन्हा हातात घेतली.

“न्हाई वं मुक्ताबाई,” ती म्हणाली. “वळखीचं कुणी नाय. इलेक्शनचे सायेब हायत.”